तुरुंगाच्या नोंदवह्यांतून जिप्सी पूर्वजांचा माग कसा काढावा

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात हद्दपार केले. आपण ज्याला काळे पाणी म्हणतो, तसलीच ती शिक्षा होती. फक्त दिशा दक्षिणेची होती आणि शिक्षा भोगून झाली तरी परतीचा प्रवास बहुतेकांना परवडत नसे. या कैद्यांत इंग्लंड आणि वेल्समधील रोमानी, म्हणजे सरकारी कागदांत ज्यांना जिप्सी म्हटले जाई, अशा फिरत्या कुटुंबांतील माणसेही होती. ती किती होती हे मोजता येत नाही, कारण कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग आणि दंडावरचे गोंदण टिपणाऱ्या नोंदवहीत ‘जिप्सी’ असा रकानाच नव्हता.

नवख्या शोधकाने ही गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. जिप्सी पूर्वज एकाच कागदावर सापडत नाही. खटल्याचे गाव, धंदा, भावंडांची जन्मस्थळे, सोबत पकडलेली माणसे आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी एकमेकींशेजारी मांडल्यावर तो हळूहळू दिसू लागतो. पुढील पायऱ्या त्या मांडणीच्या क्रमाने दिल्या आहेत आणि हा क्रम शक्यतो मोडू नये.

आजपासून मागे जा, आडनावापासून पुढे नव्हे

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. घरात ‘आपण जिप्सी’ अशी कुजबुज असते, आडनाव ली, स्मिथ, कूपर, बॉसवेल, लव्हेल, स्टॅन्ली किंवा बकलंड यांपैकी असते, आणि कैद्यांच्या यादीत त्या आडनावाचा पहिला माणूस सापडला की तोच आपला पणजोबा ठरतो. ही आडनावे रोमानी कुटुंबांत खरोखर रूढ होती. पण स्मिथ आणि कूपर ही इंग्लंडमधील अगदी सर्वसामान्य आडनावेही आहेत, त्यामुळे आडनाव हा संशयाला आधार होऊ शकतो, पुरावा होऊ शकत नाही.

म्हणून हयात असलेल्या सर्वांत वृद्ध नातेवाइकापासून मागे जावे. टास्मानियात जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १८३८ मध्ये, व्हिक्टोरियात १८५३ मध्ये आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ मध्ये सुरू झाली. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया येथील मृत्यूच्या दाखल्यांवर मृताच्या आईवडिलांची नावे, जन्मस्थळ आणि वसाहतीत घालवलेली वर्षे लिहिण्याची तरतूद होती. ही माहिती मृत व्यक्तीने नव्हे, तर मुलाने, जावयाने किंवा शेजाऱ्याने दिलेली असे, हे मात्र ध्यानात ठेवावे. बाप कैदी म्हणून आला होता हे लपवणे ही त्या काळातील घरोघरची रीत होती आणि तो जिप्सी होता हे तर दुहेरी लपवले जाई.

या पायरीवर चार गोष्टी हाती लागणे आवश्यक आहे: पूर्वजाचे नाव, जहाजाचे नाव, जहाज पोहोचल्याचे वर्ष आणि खटला चालल्याचे ठिकाण. वसाहतीतील जवळजवळ सगळे दप्तर जहाजानुसार लावलेले आहे. त्यामुळे जहाज कळले नाही तर पुढचे कपाट उघडत नाही.

वसाहतीचे दप्तर इंग्लंडच्या दप्तराआधी पाहा

शिक्षा इंग्लंडमध्ये झाली म्हणून शोध तिथून सुरू करावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण माहितीच्या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील कागद कितीतरी अधिक बोलके आहेत. इंग्लंडला कैदी घालवायचा होता. वसाहतीला त्याच्याकडून काम करून घ्यायचे होते आणि तो पळाला तर ओळखायचा होता.

न्यू साउथ वेल्समध्ये उतरलेल्या कैद्यांच्या ज्या जहाजवार याद्या आहेत, त्यांना इंडेंट म्हणतात. सुरुवातीच्या याद्या त्रोटक आहेत. परंतु १८३० च्या सुमारापासून छापील इंडेंट सुरू झाले आणि त्यांत वय, वाचता-लिहिता येते की नाही, धर्म, लग्न, मुलांची संख्या, जन्मगाव, धंदा, गुन्हा, खटल्याचे ठिकाण व तारीख, पूर्वीच्या शिक्षा, उंची, वर्ण आणि अंगावरच्या खुणा हे सगळे येते. शेवटच्या शेरा-रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते; एखाद्याचा भाऊ त्याच जहाजावर आहे किंवा आधीच वसाहतीत आला आहे, अशी नोंद नेमकी तिथे सापडते.

व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया, येथील दप्तर त्याहून समृद्ध आहे. होबार्टच्या अभिलेखागारातील कैद्यांच्या नोंदी बहुतांशी डिजिटल झाल्या आहेत आणि नावांच्या सूचीतून त्या विनामूल्य पाहता येतात. त्यांतील ‘कॉन’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मालिका महत्त्वाच्या आहेत. कॉन ३१ मध्ये १८०३ पासून १८४० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आलेल्या पुरुषांची वर्तणूक-नोंद आहे, कॉन ३३ मध्ये त्यानंतरच्या पुरुषांची. कॉन ४० आणि ४१ या स्त्रियांच्या तशाच वह्या आहेत. कॉन १४ आणि १५ हे अनुक्रमे पुरुषांचे व स्त्रियांचे इंडेंट आहेत. त्यांत कैद्याच्या आईवडिलांची आणि भावंडांची नावे आणि ती कोठे राहतात हेही अनेकदा लिहिलेले असते.

जिप्सी कुटुंबाचा शोध घेणाऱ्याला नातलगांची ही एक ओळ सोन्याच्या मोलाची आहे. स्थायिक शेतमजुराची भावंडे सहसा एकाच गावात किंवा शेजारच्या गावात सापडतात. एक भाऊ इंग्लंडच्या केंट परगण्यात (काउंटीत), दुसरा हॅम्पशायरमध्ये, बहीण सरेमध्ये आणि बापाच्या पुढे गावाऐवजी ‘फिरतीवर’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर त्या कुटुंबाचे घर चाकांवर होते असे मानण्यास सबळ कारण मिळते.

वर्तणूक-नोंदीच्या मथळ्याजवळ कैद्याने स्वतःच्या गुन्ह्याविषयी काय सांगितले तेही टिपलेले असते: काय चोरले, कोणाचे चोरले, सोबत कोण होते, आधी किती वेळा आत गेलो. ‘भटकंतीबद्दल तीन महिने’, ‘तंबू ठोकल्याबद्दल एक महिना’ अशा जुन्या शिक्षा इथे दिसल्या की त्या बाजूला लिहून ठेवाव्यात; इंग्लंडमधील लहान तुरुंगांची वाट त्यांतूनच सापडते. त्याखाली वसाहतीतील शिक्षांची दाट लिहिलेली रांग असते. हे अक्षर पहिल्यांदा पाहताना मोडी कागद हाती आल्यासारखे वाटते. त्यावर उपाय तोच, जो मोडी शिकताना केला जातो: त्याच कारकुनाने लिहिलेली, अर्थ आधीच ठाऊक असलेली दोन-तीन पाने वाचून त्याच्या अक्षरांची वळणे ओळखावीत आणि मगच आपल्या पानाकडे यावे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८ या काळात दहा हजारांच्या जवळपास कैदी गेले आणि ते सर्व पुरुष होते. जिप्सी स्त्री पूर्वज असेल तर तिला या वह्यांत शोधण्यात वेळ घालवू नये.

मग इंग्लंडकडे वळा

आता लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराची पाळी येते. तिथल्या ‘एचओ’ या मालिका होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या आहेत. एचओ ११ ही हद्दपारीची नोंदवही आहे आणि तीत १७८७ पासून १८७० पर्यंतची जहाजे आहेत. कैद्याचे नाव, खटल्याचे ठिकाण व तारीख आणि शिक्षेची मुदत एवढेच तीत मिळते, पण वसाहतीतील नोंदीशी ताडून पाहण्यास ते पुरते. एचओ २७ मध्ये १८०५ ते १८९२ या काळातील इंग्लंड-वेल्समधील मोठ्या गुन्ह्यांचे खटले परगण्यानुसार, वर्षागणिक नोंदलेले आहेत. या वहीचे वैशिष्ट्य असे, की तीत निर्दोष सुटलेल्यांचीही नावे आहेत. आपल्या माणसाच्या वरच्या आणि खालच्या चार-पाच ओळी अवश्य वाचाव्यात. सोबत पकडलेला आणि सुटलेला भाऊ, मेहुणा किंवा बायको अनेकदा तिथेच असते, आणि पुढे तेच नाव दुसऱ्या परगण्यात दुसऱ्या वर्षी पुन्हा भेटते.

नवखे शोधक बहुधा थेट लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ च्या डिजिटल कामकाजात शिरतात, कारण ते फुकट आहे आणि शब्दाने शोधता येते. परंतु ओल्ड बेलीत मुख्यत्वे लंडन आणि मिडलसेक्सचे खटले चालत. घोडा, मेंढी किंवा कोंबड्या चोरल्याचा आरोप असलेला फिरता माणूस बहुधा परगण्याच्या असाइझ न्यायालयासमोर, म्हणजे फिरतीवरच्या वरिष्ठ न्यायाधीशांसमोर, किंवा वर्षातून चार वेळा भरणाऱ्या क्वार्टर सेशन्ससमोर उभा राही. असाइझचे कागद क्यू येथे आहेत. क्वार्टर सेशन्सचे कागद त्या-त्या परगण्याच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांतील बराच भाग अजून पडद्यावर आलेला नाही. त्यासाठी पत्र लिहावे लागते, शुल्क भरावे लागते आणि वाट पाहावी लागते.

तरीही ओल्ड बेलीचे एक प्रकरण प्रत्येकाने वाचावे, कारण जिप्सी माणसाचा माग कसा निघतो हे ते अपवादानेच दाखवते. जानेवारी १७५३ मध्ये एलिझाबेथ कॅनिंग नावाची मोलकरीण महिनाभर बेपत्ता राहून परतली आणि आपल्याला एन्फील्ड वॉश येथील घरात डांबून ठेवले होते असे तिने सांगितले. त्या घरात आढळलेल्या मेरी स्क्वायर्स या वृद्ध जिप्सी स्त्रीला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. लंडनचे लॉर्ड मेयर सर क्रिस्प गॅस्कॉइन यांना शंका आली, त्यांनी चौकशी केली, आणि त्या दिवसांत म्हातारी आपल्या मुलांसह दूर डॉर्सेटमधील ॲबट्सबरीच्या बाजूला होती असे सांगणारे साक्षीदार पुढे आले. तिला माफी मिळाली आणि १७५४ मध्ये खोट्या साक्षीबद्दल हद्दपारीची शिक्षा झाली ती कॅनिंगलाच, अमेरिकेत. वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने यातील मोलाचा भाग साक्षीदारांचा आहे: कोणत्या दिवशी कोणत्या खानावळीत मुक्काम, सोबत कोण, विकायला काय माल. फिरत्या कुटुंबाचा मार्ग दिवसागणिक सांगणारा कागद खटल्याच्या जबान्यांखेरीज दुसरीकडे क्वचितच सापडतो. म्हणून निकालाची एक ओळ मिळाल्यावर थांबू नये. साक्षीदारांच्या जबान्या उरल्या आहेत का, हे आवर्जून विचारावे.

जवळजवळ याच आडनावाचा दुसरा माणूस सावधगिरीचा धडा देतो. टेम्सकाठच्या किंग्स्टन येथील जेम्स स्क्वायर याला १७८५ मध्ये कोंबड्या चोरल्याबद्दल सात वर्षांची हद्दपारी झाली, तो १७८८ च्या पहिल्या ताफ्यातून सिडनीला पोहोचला, दवाखान्याच्या कोठारातून मिरी आणि हॉरहाउंड ही वनस्पती चोरल्याबद्दल १७८९ मध्ये त्याला ३०० फटक्यांची शिक्षा झाली, आणि पुढे तोच वसाहतीतील नावाजलेला बिअर-उत्पादक होऊन १८२२ मध्ये वारला. त्याचा नातू जेम्स स्क्वायर फार्नेल १८७७ मध्ये न्यू साउथ वेल्सचा पंतप्रधान झाला. जेम्स स्क्वायर रोमानी वंशाचा होता असे सर्रास सांगितले जाते. ते खरे असू शकेल. परंतु नुसत्या आडनावाच्या साम्यावरून त्याला मेरी स्क्वायर्सच्या कुटुंबात बसवणे म्हणजे पाटील आडनावाच्या दोन माणसांना एका वाड्यात नेऊन बसवण्यासारखे आहे.

शिक्षा सुनावल्यानंतर आणि जहाज सुटण्यापूर्वी कैद्याला बंदरात नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजांवर, ज्यांना हल्क म्हणत, ठेवले जाई. त्यांच्या वह्या एचओ ९ मध्ये आहेत. हद्दपारीची शिक्षा झालेले कित्येक कैदी कधीच ऑस्ट्रेलियाला गेले नाहीत, हल्कवरच मुदत भरून सुटले किंवा तिथेच मेले. म्हणून वसाहतीत कोणी सापडत नसेल तर ‘पुढे काय झाले’ हा हल्कच्या वहीतील रकाना पाहावा. दयेचे अर्ज एचओ १७ मध्ये १८१९ ते १८३९ चे आणि एचओ १८ मध्ये १८३९ ते १८५४ चे आहेत. बायकोने किंवा गावकऱ्यांनी केलेला अर्ज मिळाला, तर घरात किती मुले आहेत, माणूस कोणता धंदा करी आणि त्याला ओळखणारे प्रतिष्ठित लोक कोणत्या गावांत होते, हे एका पानावर कळते.

‘जिप्सी’ हा शब्द नसताना जिप्सी ओळखणे

कायद्याच्या भाषेत हे लोक ‘इजिप्शियन’ होते, कारण ते इजिप्तहून आले असा युरोपचा समज होता. जिप्सी हा त्याच शब्दाचा अपभ्रंश होय. त्यांच्याविरुद्धचा पहिला इंग्रजी कायदा १५३० चा, जिप्सी म्हणून देशात राहणे हाच देहदंडाचा गुन्हा ठरवणारा १५५४ चा, आणि या कठोर कायद्यांचा मोठा भाग १७८३ मध्ये रद्द झाला. म्हणजे पहिला ताफा निघाला तेव्हा जिप्सी असणे हा व्यवहारात गुन्हा उरला नव्हता आणि न्यायालयाला तो शब्द लिहिण्याचे कारणही उरले नव्हते. १८२४ च्या भटकंतीविरोधी कायद्याने भविष्य सांगणे आणि तंबूत किंवा गाडीत निराधार म्हणून मुक्काम करणे शिक्षापात्र केले, तर १८३५ च्या महामार्ग कायद्याने रस्त्यावर तंबू ठोकणाऱ्या जिप्सीला नाव घेऊन चाळीस शिलिंगांपर्यंत दंड लावला. हा दंड न भरणारे स्थानिक तुरुंगात जात. त्यामुळे हद्दपार झालेल्या माणसाच्या मागे राहिलेले कुटुंब परगण्याच्या लहान तुरुंगांच्या वह्यांत, दोन-चार आठवड्यांच्या शिक्षांमध्ये, वारंवार भेटते.

पुरावा जमवताना धंद्याकडे प्रथम पाहावे: कल्हईवाला, भांडी दुरुस्त करणारा, सुऱ्या-वस्तऱ्यांना धार लावणारा, खुर्च्यांच्या बैठका विणणारा, टोपल्या किंवा कपड्यांचे चिमटे करणारा, फेरीवाला, सारंगिया, घोड्यांचा दलाल. त्यानंतर पाळण्यातली नावे पाहावीत. सिन्फी, ओशन, प्लेटो, ब्रिटानिया, फ्रीडम, गोलायथ, डिलायला अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा येत असतील तर सर्वसामान्य आडनावापेक्षा ती अधिक विश्वासार्ह ठरतात. बाप्तिस्म्याच्या वहीत ‘फिरस्त्याचे मूल’, ‘परका’, ‘तंबूत जन्मलेले’ असे शेरे सापडतात, आणि एका जोडप्याच्या चार मुलांचे बाप्तिस्मे चार वेगळ्या गावांत झालेले दिसतात. ही गावे नकाशावर तारखांसह मांडावीत. केंटमधील हॉपच्या (बिअरसाठी लागणाऱ्या पिकाच्या) सुगीचा हंगाम आणि घोड्यांच्या जत्रा यांच्याशी त्या तारखा जुळतात का, ते पाहावे.

वर्ण ‘सावळा’ असा शेरा मात्र पुरावा मानू नये. उन्हात राबणाऱ्या प्रत्येक शेतमजुरापुढे कारकून तो लिहीत असे. डीएनए चाचणीतून दिसणारा दक्षिण आशियाई अंशही सावधपणे घ्यावा. रोमानी भाषा मुळात भारतीय आहे, तीत पाण्याला पानी, सुरीला चुरी आणि मिठाला लोन म्हणतात, म्हणजे आपल्या लोणच्यातला तोच लोण. त्यामुळे रोमानी वंशजांत असा अंश येणे स्वाभाविक आहे. पण कंपनी सरकारच्या एखाद्या सोल्जराने मुंबईत किंवा मद्रासेत हिंदुस्थानी स्त्रीशी संसार थाटला असेल, तरीही तो अंश तितकाच येईल.

शोध करताना एका शब्दाची सर्व रूपे टंकावीत. इंग्रजीत जिप्सी या शब्दाची तीन-चार स्पेलिंगे जुन्या कागदांत आढळतात. हेरन हे आडनाव हर्न किंवा हेरिंग होते, बॉसवेलचे बॉस होते, लव्हरिजचे लेव्हरिज होते. माणसाला लिहिता येत नसे आणि कारकुनाला त्याचा उच्चार कळत नसे. शिवाय पकडल्यावर आईचे आडनाव सांगणे हा फिरत्या माणसाचा साधा बचाव होता. म्हणून ‘उर्फ’ दिसले की दोन्ही नावांनी पुन्हा पहिल्यापासून शोधावे.

सुटकेनंतरचा माणूस

कैदी पुढे वसाहतवाला कसा झाला, हे कळायला परवाने पाहावेत. मुदतीपूर्वी स्वतःसाठी काम करण्याची मुभा देणारे तिकीट ऑफ लीव्ह, मुदत संपल्याचे सुटकापत्र आणि सशर्त माफी, असे तीन मुख्य प्रकार आहेत आणि तिन्हींवर जहाज व खटल्याचा उल्लेख असल्याने ओळख पक्की करता येते. कैद्याला लग्नासाठी सरकारी परवानगी लागे आणि तिचीही वही आहे. सुरुवातीच्या काळात मुदत संपलेल्या पुरुषाला तीस एकर, लग्न झालेले असल्यास आणखी वीस आणि प्रत्येक मुलामागे दहा एकर जमीन देण्याची सूचना न्यू साउथ वेल्सचे पहिले गव्हर्नर फिलिप यांना होती, त्यामुळे जमिनीच्या कागदांवरून कुटुंबाचा आकार कळतो. न्यू साउथ वेल्सच्या १८२८ च्या जनगणनेत प्रत्येकापुढे तो स्वतंत्र आला, मुदत भरून सुटला की वसाहतीत जन्मला, याची खूण आहे. वर्तमानपत्रांसाठी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ विनामूल्य आहे.

१८७१ नंतर ब्रिटनमध्ये राहिलेल्या शाखेचा शोध घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सोय आहे. त्या वर्षीच्या गुन्हेप्रतिबंधक कायद्याने कैद्यांची छायाचित्रे घेणे सक्तीचे झाले आणि क्यू येथील पीकॉम या तुरुंग आयोगाच्या मालिकेत काही चेहरे पाहायला मिळतात. त्याच १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. आपल्याकडील पारधी किंवा कैकाडी कुटुंबाचा इतिहास पोलीस-दप्तरातून काढू पाहणाऱ्याला वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी ओळखीच्या वाटतील.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी काय पाहिले याबरोबरच काय पाहून काही मिळाले नाही, तेही मालिकेच्या क्रमांकासह आणि तारखेसह लिहून ठेवावे. परगण्याच्या अभिलेखागाराला पत्र लिहिताना नाव, सर्व उर्फ, न्यायालय, सत्राचा महिना व वर्ष आणि एचओ २७ मधील नोंद एवढेच द्यावे, आणि निकालाच्या प्रतीऐवजी त्या सत्राच्या कैद्यांची छापील यादी, जबान्या आणि साक्षीदारांचे जामीन-कतबे उपलब्ध आहेत का, असा स्पष्ट प्रश्न विचारावा.